तरुण मनाचे दुखणे आणि समाजाचे कर्तव्य

(कोल्हापूर येथील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून अनेकांच्या कपाळावर आठी उमटली असेल. तरुणांच्या मनात येणारे आत्महत्येचे विचार हा काही संध्याकाळी सहकुटुंब येऊन ऐकण्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु घरात ज्या विषयाचे नाव काढायचे नाही असे आपण ठरवतो, तोच विषय अनेकदा आपल्या घराच्या उंबऱ्याशी येऊन उभा असतो. नाव न घेतल्याने तो परत जात नाही. म्हणून तो विषय शांतपणे, आकडे आणि अनुभव समोर ठेवून, सर्वांनी मिळून पाहावा, एवढीच आजची अपेक्षा आहे.

त्यातही हे कोल्हापूर. तालमींचे, लाल मातीचे, पेठांच्या ईर्ष्येचे आणि मोकळ्या मनाच्या माणसांचे गाव. इथला तरुण म्हणजे रांगडा, निधड्या छातीचा, कशाला न घाबरणारा, असे चित्र साऱ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर असते. हे चित्र खोटे नाही. पण चित्र जितके ठसठशीत, तितके त्यात न बसणाऱ्या मुलाचे हाल अधिक. ज्या गावात 'मर्दासारखा मर्द तू आणि रडतोस काय' हे वाक्य कौतुकाने म्हटले जाते, तिथे मनाने खचलेल्या मुलाने जावे कोणाकडे?

विचार, प्रयत्न आणि मृत्यू

आरंभी एक भेद स्पष्ट करू. मनात मरणाचा विचार येणे, त्या दिशेने प्रयत्न करणे आणि प्रत्यक्ष मृत्यू होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रात बातमी येते ती तिसऱ्या गोष्टीची. पोलिसांच्या दप्तरात नोंद होते तीही मुख्यतः तिसऱ्याचीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे एका मृत्यूमागे वीसहून अधिक प्रयत्न असतात, आणि ज्यांच्या मनात असा विचार येऊन गेला त्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी असते. त्यांतील बहुतेक जण जगतात, सावरतात, संसार करतात. ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. असा विचार मनात येणे म्हणजे अंत ठरला असे नव्हे. ते एक दुखणे आहे. वेळीच ओळखले तर त्यावर उपाय आहे.

आता आकड्यांकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत सर्वाधिक, म्हणजे २२,७४६, आपल्या महाराष्ट्रातील होत्या. २०२३ साली देशाचा आकडा १,७१,४१८ झाला. या मृत्यूंत सुमारे एक तृतीयांश व्यक्ती १८ ते ३० या वयोगटातील असतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तर असे दाखवले की, २०१० साली आत्महत्येने मृत्यू पावलेल्या पुरुषांपैकी ४० टक्के आणि स्त्रियांपैकी ५६ टक्के १५ ते २९ वर्षे वयाच्या होत्या. ज्या वयात राष्ट्राने ज्यांच्या खांद्यावर भार द्यायचा, त्या वयातली ही माणसे आहेत. लोकसंख्येतील तरुणांचा वाटा हे आपले बळ आहे असे आपण अभिमानाने सांगतो. त्या बळाची ही गळती आपण मोजतो का?

गोमंतकातील एक अभ्यास

मृत्यूचे आकडे मिळतात. विचारांचे मिळणे कठीण. म्हणून आपल्या शेजारच्या गोव्यात झालेला एक अभ्यास मोलाचा वाटतो. १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगथ' या संस्थेशी संबंधित संशोधकांनी तो केला व २००९ साली प्रसिद्ध केला. शहरी आणि ग्रामीण भागांतील १६ ते २४ वर्षे वयाच्या ३,६६२ मुलामुलींशी त्यांच्या कार्यकर्त्यांनी संवाद साधला. मागील तीन महिन्यांत आत्महत्येशी संबंधित विचार वा वर्तन असल्याचे १४४ जणांनी, म्हणजे ३.९ टक्क्यांनी सांगितले. शंभरात चार. साठ मुलांच्या एखाद्या वर्गात दोन-तीन. आपल्या महाविद्यालयाच्या कोणत्याही वर्गात डोकावून हा हिशेब मनाशी करून पाहावा.

पण आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते पुढचे. हे कोणाच्या बाबतीत अधिक आढळले? मुलींच्या बाबतीत अधिक. शाळा-महाविद्यालयात न जाणाऱ्यांच्या बाबतीत अधिक. ज्यांना घरात मारहाण होत होती त्यांच्या बाबतीत अधिक. ज्यांच्यावर कधी ना कधी लैंगिक अत्याचार झाला होता त्यांच्या बाबतीत अधिक. आणि ज्यांच्या मनात उदासी व चिंता घर करून होती त्यांच्या बाबतीत अधिक. हिंसा आणि मनाचा ताण ही दोन कारणे एकमेकांवर अवलंबून नसतानाही स्वतंत्रपणे घातक ठरतात, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

'मारल्याशिवाय पोर सुधारत नाही' असे मानणारी घरे आपल्याकडे आजही पुष्कळ आहेत. त्यांनी हा निष्कर्ष दोनदा वाचावा. पोराला शिस्त लावणे हा पालकांचा अधिकार आणि कर्तव्यही आहे. परंतु वयात आलेल्या मुलावर वा मुलीवर हात उगारला जातो, तेव्हा शिस्त लागत नाही. घर हे आपले आश्रयस्थान नाही, एवढेच त्याला कळते.

मुली आणि सुना

प्रत्यक्ष मृत्यूंमध्ये पुरुषांचे प्रमाण अधिक आहे. देशात दर दहांत सुमारे सात पुरुष आणि तीन स्त्रिया. त्यामुळे हा मुख्यतः पुरुषांचा प्रश्न आहे असा समज होतो. पण निमहान्स या बंगळूरच्या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मनातील आत्महत्येचा धोका स्त्रियांमध्ये अधिक आढळला. गोव्याचा अभ्यास तेच सांगतो. आणि आत्महत्येने मृत्यू पावलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणी असतात, असे पोलिसांच्याच नोंदी सांगतात.

लग्न झाले म्हणजे मुलगी 'मार्गी लागली' असे आपण म्हणतो. जगाच्या अनेक भागांत विवाह हा अशा विचारांपासून संरक्षण देणारा घटक मानला जातो. आपल्याकडील तरुण स्त्रीच्या बाबतीत तसे ठामपणे म्हणता येत नाही. विसाव्या-बाविसाव्या वर्षी परक्या घरात गेलेली सून, मुलगा हवा म्हणून होणारी कुजबुज, माहेरी सांगावे तर 'दिल्या घरी सुखी राहा' हे उत्तर. तिच्या मनात काय चालले आहे हे विचारणारे माणूस त्या घरात कोण? कुटुंब हा आपल्या समाजाचा कणा आहे असे आपण मानतो. ते खरेच आहे. म्हणूनच २०२२ च्या नोंदींत आत्महत्येच्या कारणांमध्ये 'कौटुंबिक समस्या' हे कारण ३१.७ टक्क्यांसह पहिल्या क्रमांकावर आहे, याची खंत आपल्यालाच सर्वाधिक वाटली पाहिजे.

अभ्यासिकेतील मुलगा आणि यंत्रमागावरचा मुलगा

आता मुलांकडे पाहू. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद २०१२ साली ६,६५४ होती. २०२२ साली ती १३,०४४ झाली. दहा वर्षांत जवळपास दुप्पट. लगेच आपण म्हणतो, परीक्षेचा ताण. पण २०२२ च्या नोंदींत 'परीक्षेतील अपयश' हे कारण एकूण आत्महत्यांत जेमतेम सव्वा टक्का आहे. पोलिसांच्या रकान्यात एकच कारण लिहिले जाते. माणसाच्या मनात मात्र कारणांचा गुंता असतो. परीक्षा हे अनेकदा शेवटचे निमित्त ठरते. त्याआधी खालावलेली झोप, सुटलेले मित्र, घरच्या कर्जाची जाणीव आणि 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' ही भावना कित्येक महिने साचलेली असते.

आपल्या राजारामपुरीतील किंवा शाहूपुरीतील अभ्यासिकेत बसणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. चंदगड, आजरा, शाहूवाडीसारख्या तालुक्यातून आलेला. वडिलांची शेती थोडकी. स्पर्धा परीक्षेची तीन, चार, पाच वर्षे. जागा मोजक्या, अर्ज लाखोंनी. गावी गेला की पहिला प्रश्न, 'काय झालं का नाही अजून?' म्हणून तो हळूहळू गावी जाणेच टाळतो. सणाला येत नाही, जत्रेला येत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खीम याने १८९७ सालीच आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात मांडले होते की, समाजाशी माणसाचे बंध जितके सैल, तितका धोका अधिक. त्या मुलाचे जत्रेला न येणे ही साधी गोष्ट नाही. बंध सैल होत असल्याची ती खूण आहे.

परंतु अभ्यासिकेतील मुलगा निदान आपल्याला दिसतो. न दिसणारा दुसरा आहे. गोव्याच्या अभ्यासात धोका अधिक होता तो शिक्षणाबाहेर पडलेल्यांना. देशाच्या नोंदीही तेच सांगतात. २०२२ साली आत्महत्या केलेल्यांपैकी २६.४ टक्के रोजंदारीवर काम करणारे होते. हा सर्वांत मोठा गट. सुमारे ६४ टक्के व्यक्तींचे वार्षिक उत्पन्न एक लाखाहून कमी होते. पदवी वा त्याहून अधिक शिकलेले वीसांत एकाच्या आसपास. म्हणजे इचलकरंजीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, हुपरीच्या चांदीकामात मान मोडून बसणारा, दहावीनंतर ट्रॅक्टरवर चढलेला मुलगा हा या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहे. त्याच्यासाठी ना समुपदेशक, ना व्याख्यान, ना वर्तमानपत्रातील लेख.

त्यात आपल्या जिल्ह्याची आणखी एक गोष्ट. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात ० ते ६ या वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ ८३९ मुली होत्या. ती मुले आज पंचविशी-तिशीच्या घरात आहेत. गावोगावी लग्नाची मुले आणि न मिळणाऱ्या मुली ही तक्रार आपण ऐकतो. ती आकाशातून पडलेली नाही. सोनोग्राफीच्या यंत्राचा गैरवापर करून मागच्या पिढीने पेरले, ते उगवले आहे. या अविवाहित तरुणांच्या एकटेपणाचा आत्महत्येशी थेट संबंध जोडण्याची घाई मी करणार नाही. परंतु जमीन नाही, नोकरी नाही, म्हणून स्थळ नाही, आणि स्थळ नाही म्हणून गावात मान नाही, या साखळीत सापडलेल्या मुलाला 'लग्न कधी?' म्हणून चारचौघांत डिवचणे आपण आजपासून थांबवू शकतो. त्याला पैसे लागत नाहीत.

दटावण्याने भागत नाही

आपल्याकडे उपाय म्हणून पहिले सुचते ते दटावणे. 'मन खंबीर कर', 'आमच्या वेळी काय कमी त्रास होता?' इत्यादी. यासंबंधी भगवद्गीतेकडे पाहावे. तिच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. रणांगणावर हातपाय गळालेल्या, गांडीव टाकून बसलेल्या वीराचे दुःख तिथे लपवलेले नाही. त्याला अध्यायाचा मान दिला आहे. अर्जुन बोलत राहतो आणि श्रीकृष्ण ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला दोन श्लोकांत दटावतात. पण तेवढ्याने अर्जुन उठत नाही. मग सुरू होतो तो संवाद, पुढे अठराव्या अध्यायापर्यंत चालणारा, शंकेमागून शंका ऐकून घेणारा. दोन श्लोक दटावणीचे आणि बाकी सारा संवाद, हे प्रमाण आपल्या घरांतही राहिले तर पुष्कळ काही साधेल.

आणखी एक गैरसमज घालवला पाहिजे. 'तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?' असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरेल, अशी भीती अनेकांना वाटते. जगभरातील मानसोपचारतज्ज्ञांचा अनुभव आणि संशोधन याच्या उलट आहे. आपुलकीने, न ओरडता, एकांतात विचारलेल्या प्रश्नाने मनावरचे ओझे उतरते. उत्तर 'हो' आले तर उपदेश करू नये, शपथा घालू नयेत. ऐकावे, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यावे.

विदर्भाने दाखवलेली वाट

हे सर्व बदलता येते का? येते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबवण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी उदासीनतेबद्दल बोलणे, आधार देणे आणि गरज असेल त्याला डॉक्टरांकडे पाठवणे, एवढेच त्याचे स्वरूप. दीड वर्षात उदासीनतेच्या आजारावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मागील वर्षभरात मनात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. या अभ्यासात तुलनेसाठी उपक्रमाबाहेरची गावे नव्हती, म्हणून सारे श्रेय उपक्रमालाच द्यावे असे शास्त्र म्हणणार नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने नाशिक जिल्ह्यातील गावांत सुरू केलेला 'आत्मीयता' हा उपक्रमही गावातील स्वयंसेवकांवरच उभा राहिला. नावातच सर्व आले.

जे अमरावतीच्या गावांत झाले ते राधानगरी-गगनबावड्यात का होऊ नये? आपल्याकडे तर पेठेपेठेत तालीम मंडळे आहेत, गावोगाव दूध संस्था आहेत, महिला बचत गट आहेत. गणेशोत्सवाला, फुटबॉलच्या सामन्यांना हजारो तरुण एकत्र करणारी ही मंडळे आहेत. प्रत्येक तालमीत दोन जाणते कार्यकर्ते असे तयार व्हावेत की, ज्यांच्यापाशी मुलगा मन मोकळे करील आणि जे त्याची चेष्टा होऊ देणार नाहीत. वस्तादाचा शब्द कोल्हापूरचा मुलगा मानतो. त्या वस्तादाने एकदा जाहीर सांगावे की, मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. दहा व्याख्यानांचे काम होईल.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली या नगरीत विद्यार्थी वसतिगृहांचा पाया घातला. खेड्यातून आलेल्या मुलाला राहायला छप्पर आणि जेवायला अन्न नसेल तर तो शिकणार कसा, हा त्यांचा साधा प्रश्न होता. आज छप्पर आणि अन्न मिळते. पण त्या छपराखाली मुलाची विचारपूस करणारे वडीलधारे माणूस मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असणे आवश्यक ठरले आहे, आणि गुणांवरून तुकड्या पाडून मुलांना जाहीर अपमानित करण्यास मनाई आहे. शिकवणी वर्गही त्यातून सुटलेले नाहीत. आपल्या मुलाच्या संस्थेत समुपदेशक आहे का, हे प्रत्येक पालकाने प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

कायदा, वर्तमानपत्र आणि आपण

अनेक कुटुंबे पोलिसांच्या भीतीने प्रयत्नाची गोष्ट दडवतात आणि उपचारही टाळतात. ही भीती आता निराधार आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर उपचार करणे, तिचे पुनर्वसन करणे ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर केवळ आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा म्हणून ठेवलेलाच नाही.

ज्या व्यवसायात माझे आयुष्य गेले त्याबद्दलही बोलले पाहिजे. अशा घटनांचे सविस्तर वर्णन, छायाचित्रे, चिठ्ठीतील मजकूर आणि 'अमुक कारणाने' असा ठाम मथळा यांमुळे आधीच खचलेल्या वाचकाला चुकीची दिशा मिळते. ऑस्ट्रियाच्या विएन्ना शहरात १९८७ साली वृत्तपत्रांसाठी नियम घालून भडक बातम्या थांबवल्या, तेव्हा तेथील भुयारी रेल्वेवरील अशा घटना झपाट्याने घटल्या. भारतीय वृत्तपत्र परिषदेनेही २०१९ साली असे नियम स्वीकारले आहेत. वाचकांनी ते पाळले जावेत असा आग्रह धरला, तर संपादक ऐकतात. आणि हातातल्या मोबाईलमुळे आज प्रत्येक जण वार्ताहर झाला आहे. असे छायाचित्र पुढे पाठवण्यापूर्वी प्रत्येकाने बोट थांबवावे.

शेतकरी घरांसाठी एक साधी सूचना. फवारणीची औषधे घरात उघड्यावर नसावीत. कुलपात असावीत आणि किल्ली वडीलधाऱ्यांकडे असावी. अशा विचाराची सर्वांत तीव्र लाट बहुधा अल्पकाळाची असते. तो काळ टळला, तर जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर १९९५ नंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले.

शेवटी मदतीचे दार. केंद्र शासनाची 'टेली मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. आपल्या शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. हा क्रमांक प्रत्येक तालमीच्या फलकावर, प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर, प्रत्येक दूध संस्थेच्या दारावर लिहिला जावा. आणि आज या सभागृहात जर असा कोणी तरुण वा तरुणी बसली असेल, जिच्या मनात हे विचार येत असतील, तर तिला माझे एवढेच सांगणे आहे की, तू ओझे नाहीस. शेजारी बसलेल्या एखाद्या भल्या माणसाला आज घरी जाण्यापूर्वी सांग.

संघटित समाज म्हणजे केवळ मिरवणुकीत एकत्र चालणारा समाज नव्हे. मागे राहिलेल्याला वळून पाहणारा, त्याच्यासाठी थांबणारा समाज तो संघटित समाज. राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत हे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. सरकार आपले काम करो वा न करो, आपल्या गल्लीतील एका मुलाची, आपल्या घरातील एका सुनेची चौकशी करणे आपल्या हाती आहे. येथून घरी गेल्यावर, बरेच दिवस जो मुलगा दिसला नाही, त्याला एक फोन करावा. 'काय झालं का नाही अजून?' असे न विचारता, 'कसा आहेस बाळा? जेवायला ये' एवढेच म्हणावे.